नागलीच्या मुलखात गव्हाची ओस्ती

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आमच्या वृद्ध सिस्टरांच्या घरी ओसरीवर बसून वाल सोलत होते. नाताळ अंकासाठी लेख हवा, विषय 'ख्रिस्तप्रसादाचा अर्थ'. मी म्हटलं, "बाबा रे, अर्थच हवा असेल तर रोमला शिकून आलेले धर्मगुरू आपल्या वसईत पायलीला पन्नास मिळतील. मी बापडी नुसत्या ओस्त्या भाजत होते." ते म्हणाले, "मग तेच लिहा." गोड बोलून काम करून घेणारी माणसं मला पूर्वीपासून आवडत नाहीत, आणि त्यांना नाही म्हणताही येत नाही.

हा अंक आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही जातो, म्हणून आधी थोडं सांगते. आमच्या मिस्साविधीत धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारस हातात घेतात आणि येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांना जे शब्द सांगितले ते त्यावर उच्चारतात. त्या क्षणापासून ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि तो द्राक्षारस म्हणजे त्याचं रक्त, अशी आमची श्रद्धा आहे. दिसायला, चवीला, वासाला मात्र काहीही बदलत नाही. भाकर भाकरीसारखीच लागते. लोक रांगेनं पुढे येतात, धर्मगुरू एकेकाला ती देतात, घेणारा 'आमेन' म्हणतो. यालाच ख्रिस्तप्रसाद म्हणतात. द्राक्षारस आमच्याकडे बहुधा धर्मगुरूच पितात, लोकांच्या वाट्याला भाकर येते. ही भाकर म्हणजे रुपयाएवढी, कागदासारखी पातळ पांढरी चकती. तिलाच ओस्ती म्हणतात. अर्धं आयुष्य मी त्या चकत्या भाजल्या, तेही जव्हार आणि मोखाड्याच्या मधल्या डोंगरात, जिथे गहू पिकत नाही आणि फारसा कुणी खातही नाही.

ओस्तीत दोनच गोष्टी पडतात, गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. घावनाच्या पिठापेक्षा पातळ भिजवायचं, गाळून घ्यायचं, तापलेल्या लोखंडी साच्यावर पळीभर ओतायचं आणि वरची झाकणी दाबून धरायची. वाफ कडेनं फुसफुसत बाहेर येते. ती थांबली की साचा उघडायचा. क्षणभर उशीर झाला तर ओस्ती तांबूस होते, आणि तांबूस ओस्ती वेदीवर चालत नाही. मग ते तावच्या ताव ओलसर कपड्याखाली ठेवायचे, नाहीतर गोल चकत्या कापताना त्यांचा चुरा होतो. फार ओले झाले तर चिकटतात. हे मधलं प्रमाण मला कुणी शिकवलं नाही, बोटांना कळायला लागलं तेव्हा कळलं. हे लिहिताना मला थोडा गर्व होतोय, तो संपादकांनी कापू नये.

कापून उरलेल्या कडा, म्हणजे कातरण, आमच्या वसतिगृहातल्या मुली मुठी भरभरून खायच्या. शेजारच्या शाळेतल्या गुरुजींच्या मनात मात्र या साच्याबद्दल बरेच दिवस काहीतरी होतं. सिस्टर लोक आत काहीतरी भाजतात, ते खाल्लं की माणूस बाटतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एक दिवस धीर करून आलेच. मी त्यांना स्टुलावर बसवलं, त्यांच्यासमोर पीठ कालवलं, भाजलं आणि अख्खा ताव हातात दिला. "हे अजून नुसतं पीठच आहे, गुरुजी. खा बिनधास्त." गुरुजींनी कोपरा मोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "सिस्टर, मीठ कमी आहे." त्यानंतर ते बदली होईपर्यंत आमच्याकडे चहाला येत राहिले.

खरा वैरी होता तिथला पाऊस. जव्हारचं धुकं आषाढात एकदा खिडकीतून आत शिरलं की गणपतीपर्यंत बाहेर निघत नाही. कपडे वाळत नाहीत, काडीपेटी पेटत नाही, आणि ओस्ती तर पाण्याच्या वासानंच मऊ पडते. मिस्सेत धर्मगुरू मोठी ओस्ती हातात धरून मोडतात, तेव्हा तिचा बारीकसा 'कट्' असा आवाज यायला हवा. आमच्या फादरांच्या हातात एकदा ती मोडेचना, कापडासारखी वाकली. मिस्सा संपल्यावर ते स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "सिस्टर, आज मी प्रभूला पिळून काढलं." तेव्हापासून मी ओस्त्यांचा डबा चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायला लागले.

आणि कधीकधी बुरशी यायची. वेदीवर अर्पण झालेल्या, संदुकीत राखून ठेवलेल्या ओस्तीलासुद्धा. नव्या सिस्टर घाबरून जायच्या, प्रभूला बुरशी कशी येईल म्हणून. मी त्यांना सांगायची, बुरशी भाकरीला येते. भाकरीचं रूप आहे तोवर प्रभू त्यात आहे. रूप नासलं की तो तिथे नाही. मग ती ओस्ती पाण्यात विरघळवून, पाय पडणार नाही अशा जागी, झाडाच्या मुळाशी ओतायची. हे मी इतक्यांदा शिकवलं होतं की झोपेतही म्हटलं असतं. शिकवलेलं आपल्यालाच कुणी परत विचारतं तेव्हा कसं होतं, ते पुढे कळलं.

वनिता आमच्या वसतिगृहात आली ती पाचवीत. खोडाळ्याच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत तिचा पाडा. आई जानीबाय विधवा. तिच्या नवऱ्याला मोहाच्या दारूनं नेलं होतं. तरणाताठा माणूस, शेवटी पिवळा पडून गेला. पाड्यातली आमची ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी, बाकीचे सगळे हिंदू, आणि सगळ्यांचं जगणं एकच: डोंगरउतारावर भात आणि नागली, दिवाळी झाली की कुलूप लावून भिवंडीकडे वीटभट्टीवर. जानीबाय उंच, काटक, कमी बोलणारी. त्या बाजूच्या सगळ्यांसारखी ती मला, फादरांना, तहसीलदारालाही 'तू'च म्हणायची. पहिल्या वर्षी मला ते खटकलं होतं. नंतर कुणी 'तुम्ही' म्हटलं की हा माणूस काहीतरी मागायला आलाय, असं वाटायला लागलं.

दारूनं माणसं मरताना बघून फादरांनी पाड्यापाड्यातून बायांना एकत्र केलं होतं. आमच्या ओसरीवरच त्यांनी शपथ दिली. प्रत्येकीच्या हातात क्रूस ठेवला आणि वदवून घेतलं: दारूचा थेंबही माझ्या घरात येणार नाही, माझ्या आणि माझ्या लेकरांच्या ओठाला लागणार नाही. हिंदू बायांनीही क्रूस हातात घेऊन शपथ घेतली आणि क्रूसाशेजारी आपल्या देवाचं नावही घेतलं. फादरांनी काही म्हटलं नाही. जानीबाय शपथ घेऊन घरी गेली आणि नवऱ्याची दारू गाळायची हंडी तिनं उखळावर आपटून फोडली.

वनिता हुशार होती, हसरी होती, आणि आमच्याकडे आल्यापासून वाळत चालली. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, तोंड यायचं. आम्ही जंताचं औषध दिलं. घरची आठवण येत असेल म्हणालो. दिवाळीच्या सुट्टीत घरी जायची आणि गालावर मांस घेऊन परत यायची, की महिनाभरात पुन्हा काडी. जानीबाय एकदा बाजाराच्या दिवशी आली आणि लेकीचं मनगट दोन बोटांत धरून माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमचे इथं आली का वाळते. घरी आली का भरते. तू काय खाया घालतेस माझे पोरीला?"

मला राग आला. वसतिगृहात आम्ही चांगल्या चपात्या देत होतो, मुलींना घरी कधी बघायला मिळत नव्हत्या अशा. मी तसं म्हणालेसुद्धा. शेवटी एका पावसाळ्यात मुलगी अंथरुणावरून उठेना, तेव्हा जानीबायला बरोबर घेऊन आम्ही तिला जीपनं त्र्यंबकवरून नाशिकला नेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आम्हाला दोघींना समोर बसवून सांगितलं की या मुलीच्या आतड्याला गहू सोसत नाही. थोडा नाही, अजिबात नाही. कणभर गेला तरी आतून जखम होते. तांदूळ खाऊ दे, नागली खाऊ दे, पण गव्हाला हात लावायचा नाही, जन्मभर.

जानीबाय हसली. पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. "मंग काय! आमचे घरी गहू हाय कुठं?" परतीच्या वाटेवर जीपमध्ये ती लेकीचं डोकं मांडीवर घेऊन घाट उतरेपर्यंत तिच्या केसांतून हात फिरवत होती. वसतिगृहात वनितासाठी नागलीची भाकर सुरू झाली. वर्षभरात पोर अशी भरली की जुने झगे तिला बसेनात.

सगळं मिटलं असं मलाही वाटलं. मग प्रथम ख्रिस्तप्रसादाचे, म्हणजे मुलांनी पहिल्यांदा ओस्ती घेण्याच्या सोहळ्याचे दिवस आले.

आमच्याकडे हा सोहळा वसईसारखा मे महिन्यात करता येत नाही. मे महिन्यात माणसं भट्टीवरून नुकती परत येत असतात, शेताची राब-भाजणी चालू असते. आम्ही तो दसरा-दिवाळीच्या मध्ये करायचो, भात-नागली हाताशी आली की, माणसं पांगायच्या आत. त्या वर्षी मुलींमध्ये वनिता होती. धर्मशिक्षण मीच घेत होते. रोज संध्याकाळी ती पहिल्या रांगेत. ख्रिस्तप्रसादाबद्दल तिला जेवढी ओढ होती तेवढी मी आयुष्यात कुणात पाहिली नाही, माझ्यात तर नाहीच. कोरी, म्हणजे वेदीवर अर्पण न झालेली, ओस्ती देऊन मी मुलींकडून सराव करून घ्यायची: तोंड कसं उघडायचं, दात लावायचे नाहीत, आमेन कधी म्हणायचं. ओस्त्यांचं ताट घेऊन मी रांगेतून येत होते आणि तिच्यासमोर आले तेव्हा माझा हात थांबला. खरंच सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी भाजलेली प्रत्येक ओस्ती या पोरीसाठी विष होती.

मी फादरांकडे गेले. फादर म्हातारे होते, कडक होते, आणि मनानं लोण्याचे. त्यांनी मुंबईला विचारलं. परदेशात गव्हातलं बाधणारं सत्त्व जवळजवळ काढून टाकलेल्या ओस्त्या मिळतात असं कळलं. कुणाच्या तरी ओळखीनं त्यातल्या थोड्या आल्यासुद्धा. मी त्या घेऊन पाड्यावर गेले. जानीबाय नागली झोडत होती.

"याच्यात गहू हाय का?" तिनं विचारलं.

"नावापुरता. अगदी थोडा."

"डागदर काय बोलला, इसरलीस? माझे पोरीनं नाशिकला डोळे पांढरे केलं होतं. नाव बी नको." तिनं हातातली काठी खाली ठेवली. समोरच्या नागलीच्या राशीकडे बोट केलं. "हिची कर ना, सिस्टर. आमची नागली काय वाईट हाय?"

मी तिला सांगितलं की नागलीची ओस्ती होत नाही. चर्चचा नियम आहे, येशूनं जेवताना गव्हाची भाकर घेतली होती म्हणून गव्हाचीच.

"त्याचे मुलखात गहू होता म्हणून गव्हाची घेतली. आमचे मुलखात आला असता तं?"

मी जे पुस्तकात आहे ते सांगितलं. ते बरोबरच होतं, मी आजही तो नियम मोडला नसता. पण खळ्यावर, त्या राशीसमोर उभं राहून ते बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला. उत्तर तिला पटलं नाही आणि मलाही पुरलं नाही.

मग फादरांनी दुसरा मार्ग सांगितला, आणि तो मार्ग चर्चनंच ठेवलेला आहे. ज्याला भाकर चालत नाही त्यानं नुसता द्राक्षारस घ्यावा. एका थेंबातही सबंध ख्रिस्त असतो. वेगळा छोटा चषक ठेवायचा, त्यात ओस्तीचा कण पडू द्यायचा नाही, चमच्यानं मुलीला द्यायचा. फादर म्हणाले, "हे मीच जाऊन सांगतो." मला हायसं वाटलं. आम्ही दोघं जीपनं गेलो. जानीबायनं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. वनिताही दसऱ्याच्या सुट्टीला घरीच होती, दारात बसून ऐकत होती.

फादरांनी समजावून सांगितलं. जानीबायनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे दारू," ती म्हणाली.

"द्राक्षारस, जानीबाय. आणि मिस्सेत तो द्राक्षारस राहत नाही. प्रभूचं रक्त होतो."

"वास कसला येतो?"

फादर खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "वास द्राक्षारसाचाच येतो."

"आन चव?"

"चवही तीच."

"मंग ऐक. सिस्टर बोलली, भाकर बी प्रभूचा शरीर होते. खरा?"

"खरं."

"झाल्यावर माझे पोरीला चालंल?"

फादरांनी दारातल्या वनिताकडे पाहिलं.

"नाय चालत. देव झाला तरी तिचे पोटात तो गहूच. तसा हा देव झाला तरी तिचे तोंडात दारूच." ती फादरांच्या चेहऱ्याकडे बघत होती, भांडायच्या सुरात अजिबात बोलत नव्हती. "तूच माझे हातात क्रूस दिलास ना, फादर? तूच बोलाया लावलास, लेकरांचे ओठाला थेंब नाय. आता तूच सांगतोस थेंब दे. माझे पोरीचा बाप थेंबापासूनच चालू झाला होता."

फादरांनी चष्मा काढला आणि झग्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. परत येताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "शपथ मी जरा सैल द्यायला हवी होती." मला हसू आलं आणि लगेच रडूही.

थोडक्यात, असा पेच पडला. गहू पोरीच्या शरीराला चालत नव्हता, द्राक्षारस आईच्या शपथेला, आणि नागली चर्चला. तिघंही आपापल्या जागी खरी, आणि मध्ये बारा वर्षांची मुलगी.

सोहळ्याच्या दिवशी वनिता पांढऱ्या झग्यात आली. तिनंच सुचवलं होतं, "सिस्टर, मी नुसती रांगेत येईन." फादरांसमोर आली आणि मी शिकवलं होतं तसे तिनं दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवले. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. जानीबाय मागे उभी होती, पदर दातात धरून. दर रविवारी वनिता तशीच यायची, हात बांधून, आणि आशीर्वाद घेऊन जायची. मला वाटलं, चला, सवय झाली पोरीला.

नववीत असताना एका रविवारी ती रांगेत आली नाही. नंतर मी विचारलं. ती भांडी घासत होती, वर न बघता म्हणाली, "सिस्टर, पंगत बसलीय, सगळे जेवतायत, आणि मी वाढप्यासमोर हात बांधून उभी. किती दिवस उभी राहू?" मी तिला म्हणाले की प्रभू मनातूनही येतो, मनानं घेतलेला ख्रिस्तप्रसादही खरा असतो. हेही पुस्तकात आहे. ती म्हणाली, "मग तुम्ही इतक्या ओस्त्या कशाला भाजता?"

पुढे ती नर्सिंगला गेली, मोखाड्याजवळ आरोग्य केंद्रात लागली. नाताळला यायची, दाराजवळ उभी राहून मिस्सा ऐकायची आणि लोक रांगेत उठले की बाहेर निघून जायची. मला भेटायची, माझी शुगर तपासायची, रागवायची, गोळ्या द्यायची. या एका गोष्टीवर मात्र आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. जानीबायकडे जाऊन परत एकदा बोलावं असं मला दर वर्षी वाटायचं. वाटायचं, आता मुलगी मोठी झाली, बापाच्या वाटेनं जाणारी नाही, हे आईला दिसतच असेल. पण साचा तापलेला असायचा, पीठ भिजलेलं असायचं. कामात असलेल्या माणसाला न जाण्यासाठी कारण शोधावं लागत नाही. आज त्याची फार खंत वाटते.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी जानीबायच्या घशात गाठ झाली. आयुष्यभर मिसरी लावलेली. नाशिकच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ती त्या आठवड्यातच गेली, हे आधीच सांगून टाकते, कारण मला जे सांगायचं आहे ते त्याआधीच्या एका दुपारचं आहे आणि तिथेच थांबायचं आहे.

वनिताचा फोन आला. "सिस्टर, आई प्रभूला मागतेय. पण घास उतरत नाही, नागलीची पेजसुद्धा चमच्यानं देते." जुने फादर केव्हाच देवाघरी गेले होते. नवे फादर तरुण होते, त्यांना मी जीपमध्ये सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "घरीच मिस्सा करू. गिळता येत नसेल त्याला द्राक्षारस देता येतो." मी म्हटलं, "बघा विचारून."

भर दुपारी आम्ही पोचलो. मिस्सेआधी फादरांनी घरातल्यांचं पापनिवेदन ऐकलं, आधी अंथरुणाशी वाकून जानीबायचं, मग अंगणात एकेकाचं. वनिताही गेली. पापनिवेदन करून मग ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असतो, आणि ती तर घेत नव्हती, म्हणून मला नवल वाटलं. आईच्या समाधानासाठी असेल म्हणून मी विचारलं नाही. कणगीजवळच्या पाटावर कपडा घालून वेदी केली. बाहेर पाऊस पडत होता, घरात धूर होता, माणसं भिंतीला टेकून बसली होती.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी फादर चषक आणि चमचा घेऊन जानीबायजवळ वाकले. तिनं वास घेतला. ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"जानीबाय," मी म्हटलं, "तूच मागितलास ना?"

तिचा आवाज घशातून खरवडून येत होता. "भाकर मागितली."

"ती आता उतरणार नाही गं."

"नको मंग. पोरीला नाय घेऊ दिला. मी कशी घेऊ?"

 वनिता उठली, आईच्या उशाशी गुडघे टेकून बसली. आमच्याशी शुद्ध बोलणारी ती पोर आईशी आईच्याच बोलीत बोलली. "आये, मी घेतला तं तू घेशील?"

जानीबायनं तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की फादरांनी चमचा परत चषकात ठेवला. मग तिनं डोळ्यांनीच होकार दिला.

फादर म्हणाले, "ख्रिस्ताचे रक्त." वनिता म्हणाली, "आमेन." इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा. चमचा तिच्या तोंडात गेला, आणि जानीबाय लेकीच्या ओठांकडे, मग गळ्याकडे बघत राहिली. तान्ह्या मुलाच्या घशाखाली घास उतरतो की नाही ते बघावं तशी. वनिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फादरांनी पुन्हा चमचा भरला आणि जानीबायकडे वळले. तिनं हात जेमतेम वर केला. थांब.

"पोट दुखतं का?" तिनं लेकीला विचारलं.

"नाय, आये."

"जळजळ?"

"नाय. काय नाय झाला."

 जानीबायनं माझ्याकडे मान वळवली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"सिस्टर, येवढाच होता का? येवढ्यासाठी मी पोरीला उपाशी ठेवला?"

फादर चमचा धरून उभे होते. वनितानं आईचा हात हातात घेतला. आयुष्यभर मी अशा वेळी काहीतरी मोठं, धीराचं बोलत आले होते.

"हो जानीबाय," मी म्हणाले, "एवढंच होतं."

तिनं तोंड भिंतीकडे केलं, आणि फादरांनी चमचा पुढे नेला तरी ते काही उघडलं नाही.